खाणवालीचे कान

"डोळे सगळ्यांनाच असतात, पोरी. तू कान दे."

किती वर्षांपूर्वीचा तो आवाज, घशात वाळू भरल्यासारखा. सायकलच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत व्हिडिओ गेमची उंच उंच यंत्रं ओळीनं उभी असत, आणि त्यांचे मालक, ज्यांना सगळी पोरं नुसतं काका म्हणत, स्टुलावर बसून असलं काहीतरी बोलत असत. तिचं यंत्र ठरलेलं होतं. खाण. डोक्यावर दिवा लावलेला बोटभर माणूस शिडीनं खाली खाली उतरायचा आणि वरून दगड सुटायचे. बाकीची पोरं दगड दिसला की पळायची, आणि तोवर उशीर झालेला असायचा. पण दगड सुटायच्या जरा आधी एक बारीक आवाज व्हायचा. टिक. काचेवर नख टेकवावं तसा. ती त्या आवाजावर पळायची. तिचा खाणमाणूस इतका खोल जायचा, की मागे उभी असलेली पोरं श्वास धरायची. सगळे तिला खाणवाली म्हणायचे. शाळेतल्या हजेरीच्या नावापेक्षा तिला हेच नाव लाडकं होतं.

आज रविवार. ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर आडवं झालं होतं, आणि खाणवाली गुडघ्याखाली उशी घेऊन टीव्हीसमोर बसली होती. टीव्हीमागे पत्त्यांच्या कॅटएवढा एक उघडाबोडका कॉम्प्युटर लटकत होता. हिरवी पाटी, तिच्यावर चांदीच्या थेंबांसारखी डाग दिलेली टोकं. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं तो पाठवला होता, आणि त्यात तो जुना खेळ जसाच्या तसा भरून दिला होता. 'आई, तुझी खाण सापडली,' एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

खाणमाणूस शिडीच्या टोकाशी पोचला. आता टिक यायची.

खर्रर्र.

तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज आला आणि टिक त्यात बुडाली. दगड डोक्यात बसला. खाणमाणूस आडवा.

"पुन्हा! पुन्हा तेच!" तिनं खेळायचा दांडा उशीवर आपटला. "ऐकलीत ना खरखर?"

नवरा खाटेवर बसून लांबलचक वायर कोपराभोवती गुंडाळत होता. त्याचं हात थांबवणं, मान वर करणं, सगळं सावकाश. "कसली?"

"आत्ताची! दगड पडायच्या जरा आधीची."

"नाही बुवा. मला तर साफ वाटलं."

"साफ?"

"साफ." तो परत वायरीकडे वळला. "अगं, किती वेळा सांगू? आवाजात काही नाही. तुझ्या कानात आहे."

आणि हे तो म्हणाला की वाद संपायचा. कारण तो साउंडवाला होता. गावातल्या सगळ्या सभा, सगळी लग्नं, सगळी नाटकं त्याच्या भोंग्यांवर झाली होती. सभागृहात नुसती टाळी वाजवून तो सांगायचा, इथे आवाज घुमणार, तिथे मरणार. लोक म्हणायचे, साउंडवाल्याच्या कानातून सुटेल तो आवाजच नव्हे. त्या कानांवर ती लग्नाआधी भाळली होती. दारात उभी राहिली आणि पैंजणाचं एक घुंगरू कमी वाजलं, तरी त्याला कळायचं.

आता त्याच कानांनी निकाल दिला होता, आणि तो तिच्या विरुद्ध होता.

एरवी तिनं हे हसण्यावारी नेलं असतं. खेळच तो. पण शुक्रवारी दवाखान्यात जे झालं, त्यानंतर ही खरखर नुसती खेळातली राहिली नव्हती.

ती मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. खिडकी नसलेली खोली, दोन खुर्च्या, समोर दिव्यांची पाटी. दिवा लागला की आवाज यायचा, आणि आवाजावरून ती माणूस ओळखायची. हा घाबरलाय, ही रडून आलीय, ह्याला नुसतं कुणाशी तरी बोलायचंय. घाबरलेल्याला ती आधी विचारायची, 'पाणी प्यायलात का?' मग जोडून द्यायची. माणसं चेहऱ्यानं भेटतात आणि विसरतात. ती आवाजानं भेटायची आणि विसरायची नाही. अख्ख्या हयातीत तिनं हे एकच काम केलं होतं, आणि ते तिला येत होतं.

मग नवे हेडसेट आले. तिच्या कानातला हेडसेट अधूनमधून खरखरायचा. ती सांगायची, साहेबांपर्यंत पोचायचं नाही. ती लोकांना म्हणायची, "पुन्हा सांगता का?" आणि लोक चिडायचे. कुणी तरी वर कळवलं, बाईंना ऐकू येत नाही.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"बाई, चादरींच्या कोठारात एक जागा रिकामी आहे. शांत काम आहे. तिथे ऐकावं लागत नाही."

"मला ऐकायचंच काम येतं, साहेब."

"तसं नाही हो. तुमच्या सोयीसाठीच म्हणतोय. शेजारच्या ताईंना त्या हेडसेटमध्ये काही खरखर वाटत नाही."

"तिचा हेडसेट वेगळा आहे."

"बाई, प्रत्येक गोष्टीला..."

"सोमवारी कानाच्या विभागात माझे कान तपासा," ती उठली होती. "आणि माझा हेडसेटही तपासा. दोघांनाही एकाच टेबलावर ठेवा. ज्याच्यात खोट निघेल, तो जाईल चादरींच्या कोठारात."

बाहेर आल्यावर शेजारच्या खुर्चीवरच्या धाकट्या ऑपरेटरनं तिचा हात धरला. "ताई, काय बोललात तुम्ही! आम्हाला पुरेल वर्षभर."

वर्षभर पुरेल असं बोलणं सोपं. पण घरी येऊन जेवताना तिनं हे सांगितलं, तेव्हा नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"तपासणी कशाला?"

"म्हणजे?"

"एकदा शिक्का बसला की बसला. गावभर होणार. त्यापेक्षा कोठार घे. चादरी काही बोलत नाहीत, ओरडत नाहीत. आता किती वर्षं राहिली तुझी? निवांत घालव."

"तुम्ही असं म्हणताय?"

"तुझ्या भल्याचंच म्हणतोय."

त्या रात्री तिला पहिल्यांदा भीती वाटली. साहेब चुकू शकतात. लोक चुकतात. पण हा माणूस आवाजात चुकत नाही. मग खरोखरच कानात असेल तर? खेळात खरखर, हेडसेटमध्ये खरखर, आणि दोन्हीकडे ऐकणारी मीच. दोन घरांत चोरी झाली आणि दोन्हीकडे एकच पाहुणी असली, तर संशय कुणावर यायचा?

पण भीती वाटली म्हणून बसून राहणारी ती नव्हती. शनिवारभर ती त्या हिरव्या पाटीच्या मागे लागली.

आधी वायर बदलली. नवऱ्याच्याच पेटीतली चांगली, जाड वायर. खरखर तीच. मग लेक फोनवर म्हणाली, "आई, पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते का गं?"

"चमकते की. मला वाटलं खेळातलीच आहे."

"खेळातली नाही! त्याला वीज कमी पडतेय. तू मोबाइलचा चार्जर लावलायस ना?"

"मग? भोक तर तेच होतं."

"भोक तेच असलं म्हणून काय? माठाला पेल्यानं पाणी घालतेस तू."

तिनं दणकट चार्जर आणला. पिवळी वीज गेली. खरखर अर्धी झाली, पण गेली नाही. आधी सगळीकडे पसरलेली होती, आता नेमकी दगड सुटताना यायची. जणू कुणी तिच्या टिकवरच डोळा ठेवून बसलं होतं.

"मग बफर वाढव," लेक म्हणाली. "आवाजाची टाकी असते बघ आतमध्ये. कॉम्प्युटर टाकीत आवाज भरतो, स्पीकर खालून काढतो. टाकी रिकामी झाली की नळ हवा ओकतो. तीच तुझी खरखर. टाकी मोठी कर."

तिनं टाकी मोठी केली. खरखर थांबली! ती जागच्या जागी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात दगड पडला आणि खाणमाणूस मेला. आणि मग, तो मेल्यावर, टिक आली.

"हे काय गं?"

"टाकी मोठी म्हणजे आवाज पोचायला उशीर, आई. एवढं चालवून घे ना. बाकी साफ आहे ना?"

"दगड पडून गेल्यावर 'दगड पडतोय' म्हणणारा सोबती मला नको," ती म्हणाली, आणि टाकी पुन्हा लहान केली.

शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, तर तिनं त्यांनाही बसवलं. "ऐका आणि सांगा, खरखर येते का?" काकूंनी मन लावून ऐकलं. "मला तर बाई सगळंच खरखर वाटतं. खेळच तसला आहे. साखर देता ना?" असा साक्षीदार काय कामाचा. फोनवरून लेकीला ऐकवावं, तर फोन बारीक आवाज आधीच खाऊन टाकायचा.

म्हणून आज रविवारी, खाणमाणूस पुन्हा मेल्यावर, तिनं लेकीला फोन लावला. "दुसऱ्या कुणाच्या कानानं नको. मला डोळ्यांना दिसेल असं काही आहे का?"

"आहे की. आकडे चालू करता येतात पडद्यावर. टाकी रिकामी पडली, की एक आकडा वाढतो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. यंत्र खोटं नाही बोलत. आणि आई..."

"काय?"

"आकडा नाही वाढला तर?"

"तर उद्या मी स्वतः जाऊन चादरी मोजते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आकडे पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात आले, पांढरे, बारीक. तिनं ते एकदा नीट पाहून घेतले. मग उशी उचलली, फिरवली, आणि टीव्हीकडे पाठ करून बसली. हातात चमचा घेतला.

"अहो, इकडे या."

"आता काय?"

"तुम्ही खेळा. मी बघणार नाही. मला खरखर ऐकू आली की मी फरशीवर चमचा वाजवणार. तुम्ही तो आकडा बघा. मी वाजवल्यावर तो वाढला, तर खरखर यंत्रात आहे. मी वाजवला आणि आकडा हलला नाही, तर माझ्या कानात."

तो जागचा हलला नाही. "हा काय पोरखेळ लावलायस?"

"पोरखेळच आहे. खेळा."

"मला येत नाही हा खेळ."

"नुसतं मरता आलं की झालं. ते सगळ्यांना येतं."

तो खाटेवरून उतरला. त्याचे गुडघे वाजले. दांडा त्याच्या हातात गेल्याचं तिला जाणवलं, आणि मग खेळाची ती ओळखीची चाल सुरू झाली. ती डोळे मिटून बसली. समोर भिंत होती, आणि भिंतीवर दोघांच्या लग्नातला फोटो, पण तिला ते काही दिसत नव्हतं. ती अंधारात उतरत होती, शिडी शिडी खाली, एका कानाच्या दिव्यावर.

खर्र.

ठक. चमचा वाजला.

"वाढला?"

मागून नुसती दांड्याची खटखट.

खर्रर्र. ठक.

"अहो, वाढला का?"

तिच्या पाठीमागे आता पडद्यासमोर फक्त तोच होता. तो काय सांगेल ते खरं. 'नाही' म्हणाला तर तिच्याकडे काही उरत नव्हतं. उद्या सकाळी कानाच्या विभागात जायची हिंमतही नाही. खर्र. ठक. तिची पाठ ताठ झाली होती, मुलाखतीला बसल्यासारखी.

"वाढला," तो म्हणाला.

"काय?"

"वाढला. तू वाजवतेस, तसा तसा वाढतोय." त्याचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. "एकदाही चुकली नाहीस."

ती वळली. आकडा तिथेच होता, पडद्यावर, पांढरा, शहाण्यासारखा उभा. तिनं चमचा हवेत उडवला आणि झेलला.

"म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी? उद्या त्या साहेबांना सांगते, चादरींच्या घड्या तुम्हीच घाला. सोयीचं काम आहे म्हणे!"

आता तिच्यात उत्साह आला होता. तिनं त्या आकड्याखालचा दुसरा आकडा पाहिला. तो हिरव्या पाटीच्या वेगाचा होता, लेकीनं सांगितलेला. खाणमाणूस शांत चालत असला की वेग खाली यायचा. दगड सुटायची वेळ आली की एकदम वर उडायचा. खाली, खाली, खाली, आणि टुणकन वर.

ती त्या आकड्याकडे पाहत राहिली आणि हसू लागली.

"अहो, हा डुलकी घेतोय!"

"कोण?"

"हा हिरवा. काम नाही म्हटल्यावर डोळा लावतो. आणि काम आलं की दचकून उठतो. आमच्या रात्रपाळीला असाच होता तो, आठवतो? मिशीवाला. दिवा लागला की उठायचा, 'हॅलो' म्हणायचा, पण पलीकडच्याचा पहिला शब्द गेलेला असायचा. उठता उठता जेवढं हुकतं, तेवढीच ही खरखर. त्यातच माझी टिक जाते."

लेकीला फोन. "याला जागं कसं ठेवायचं?" लेकीनं सांगितलं, कुठल्या पानावर जा, कुठला शब्द बदल. 'गरजेप्रमाणे' असं काहीसं लिहिलं होतं, ते काढून 'पूर्ण ताकदीनं' करायचं. मग बंद करून चालू. हिरवी पाटी जरा तापेल, तेवढं बघ, म्हणाली. "तापू दे," खाणवाली म्हणाली. "मी पण तापलेच आहे."

खेळ पुन्हा सुरू झाला. ह्या वेळी दांडा तिच्याच हातात. खाणमाणूस उतरला. शिडी. कडा. शिडी. तिची बोटं पन्नाशी ओलांडलेली होती, पण आतली पोर तेवढीच होती, त्या अंधाऱ्या खोलीतली. सगळं शांत. खरखर नाही. पाण्याच्या तळाशी जावं आणि वाळूचा कण न् कण दिसावा, तसं.

टिक.

तिनं दांडा डावीकडे दाबला. दगड आला आणि शेजारी पडला. खाणमाणूस उभा.

टिक. उजवीकडे. दगड वाया.

"ऐकलीत? ऐकलीत टिक?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात रिकामे नव्हते. "काय गोड आहे हो! अगदी तशीच आहे. काचेवर नखासारखी. ऐकलीत ना?"

"हो," तो म्हणाला.

टिक.

"ही बघा, आणखी एक. कळली?"

तिनं हसत मान वळवली. तो पडद्याकडे पाहतच नव्हता. तिच्या अंगठ्याकडे पाहत होता. अंगठा हलला, की तो मान डोलवत होता.

तिनं अंगठा थांबवला. खेळात टिक झाली, दगड सुटला, खाणमाणूस मेला. नवऱ्याची मान डोलली नाही.

आणि मग एकामागून एक काय काय तिच्यासमोर आलं. गेल्या वर्षीच्या एका सभेत पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले होते, 'साउंडवाले, आवाज बोचतोय' म्हणाल्या होत्या, आणि तो म्हणाला होता, हॉलच खराब आहे. साउंडच्या मशीनसमोर बसला की आताशा तो आवाजाबरोबर चढणाऱ्या-उतरणाऱ्या दिव्यांच्या पट्टीवरून नजर हलवायचा नाही, पूर्वी डोळे मिटून बसायचा. कामं कमी झाली, तेव्हा म्हणाला, नव्या पोरांचा जमाना आहे.

तिनं खेळ थांबवला.

"शुक्रवारी," ती हळू म्हणाली. मग तिला वाटलं, हळू बोलून उपयोग नाही, आणि तिनं आवाज चढवला. "शुक्रवारी तुम्ही मला म्हणालात, तपासणी करू नकोस. कोठार घे म्हणालात. माझी खुर्ची सोडायला सांगितलीत. का?"

तो खाटेच्या कडेवर बसला. वायर हातात घेतली, आणि पहिल्यांदाच ती गुंडाळायची कशी ते विसरल्यासारखी खाली ठेवली.

"बोला. मी ऐकतेय. मला ऐकू येतं."

"मला नाही येत," तो म्हणाला. "बारीक काहीच येत नाही. टिक नाही, खरखर नाही, तुझे पैंजण नाहीत. दोन वर्षं झाली. मी दिवे बघून साउंड लावतो." त्यानं तिच्याकडे पाहिलं, सरळ. "तुझे कान चांगले निघाले असते, तर खेळातली खरखरही खरी ठरली असती, आणि माझे कान उघडे पडले असते. म्हणून म्हटलं, कोठार घे."